हाडातला बोर

विहिरीचे बोर पाडायच्या गाडीवर उमर काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला की कानाशी उभा असलेला माणूसही शेताच्या पल्याड गेल्यासारखा वाटतो. मिशी फुटायच्या आधीपासून त्या गडगडाटात राहिलेला देवाजी ढोके घरी येऊन पाणी मागायचा तेही असं, की इंदोऱ्याच्या त्यांच्या गल्लीत नवा भाडेकरू आला तर त्याला वाटावं, ढोक्यांच्या घरी भांडण पेटलं. सिंधूताई तांब्या पुढं करत म्हणायच्या, "अजी, मी रॉडखाली नाही उभी. घरात उभी हाय. हळू मागा."

देवाजी ड्रिलर होता. गाडीच्या मागच्या बाजूला ज्या दांड्यांनी रॉड खाली जातो, फिरतो, वर येतो, ते दांडे त्याच्या दोन्ही हातांत असायचे. खाली रॉडला रॉड जोडणाऱ्या गड्यांची बोटं त्याच्या हातांच्या भरवशावर. आणि तोंडाच्याही. कारण दोन्ही हात दांड्यांवर अडकलेले असताना खालच्या माणसाला 'हट' म्हणायला तोंडाशिवाय दुसरं काहीच नसतं.

त्या तोंडाचा खालचा जबडा खर्रा खाऊन खाऊन रिकामा झाला होता. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा, गालात दाबायचा आणि दिवस ढकलायचा. अख्खी गाडीच त्याच्यावर चालायची. हिरड्या सुटल्या, दात हलले, एकेक करून गेले. वरचे कसेबसे टिकले. खालच्यासाठी कवळी आणली, पण ती बसेना. बोलताना तरंगायची, भाकर चावताना उलटायची आणि ओरडताना सरळ बाहेर यायची. काढून ठेवली तर 'हट' म्हटलेलं 'हप' ऐकू यायचं.

"काकाजी, शिट्टी घ्या ना बर्डीच्या बाजारातून," अंकितनं सुचवलं होतं. अंकित हा रॉड जोडणारा गडी, दोन लेकरांचा बाप, पण जिभेला हाड नसलेला.

देवाजीनं शिट्टी आणली. तोंडात धरून ठेवायला तिला खालून दात लागतात, हे ती तोंडात गेल्यावरच कळलं. दोन फुंकरांत पायाशी पडली.

"गळ्यात दोरी बांधा."

"अन् फुकू कायनं? दोन्ही हात दांड्यावर राह्यते. तू येऊन धरशील का माह्या तोंडात?"

"धरतो ना. मग रॉड तुमी जोडा."

असं हसण्यावारी चाललं होतं, ते बेसा गावातल्या त्या दिवसापर्यंत. नव्या लेआउटवर बोर चालू होता. वर लटकणारा रॉड खालच्या रॉडच्या तोंडावर आणायचा आणि अंकितनं हातानं जुळवायचा, एवढंच काम. देवाजीला दिसलं, की रॉड धरणाऱ्या तारेची पकड सरकतेय. त्यानं ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजाच्या आधी कवळी बाहेर आली. जो हात दांडा ओढायला पाहिजे होता, तो कवळी झेलायला गेला. रॉड धाडकन खाली आला. अंकितनं हात कसा ओढून घेतला ते त्यालाही सांगता येत नाही. हातमोजा मात्र दोन रॉडांच्या मधे राहिला, पापडासारखा चपटा होऊन.

अंकित बराच वेळ बोटं उघडझाप करत बसला. मग म्हणाला, "कवळी तर नाही ना तुटली, काकाजी?"

सगळे हसले. देवाजीला हसू आलं नाही. त्यानं दांडे दुसऱ्याच्या हाती दिले आणि मालकाला सांगून टाकलं, की तोंडात दात पक्के झाल्याशिवाय मी मशीनवर चढत नाही. मालक चांगला होता. म्हणाला, "पावसाळ्यात तसंही काम राहत नाही. उन्हाळा लागेपर्यंत जागा ठेवतो तुही. त्याच्या पुढं मले नाही जमणार, देवाजी."

एवढ्यासाठी तो पायलकडं गेला. डॉक्टर पायल गजभिये गल्लीतलीच पोरगी. दातांची डॉक्टर होऊन तिनं चौकात पहिल्या माळ्यावर दवाखाना टाकला होता. लहानपणापासून देवाजीला काकाजी म्हणायची, अजूनही तेच म्हणायची.

"खालच्या हाडात दोन स्क्रू बसवू, काकाजी. समोर डावीकडं एक, उजवीकडं एक. ते हाडाशी जुळले की कवळी त्याच्यावर बटणासारखी बसन. मग वरडा किती वरडायचं ते."

"जुळले म्हणजे? सिमेंट भरतं काय?"

"सिमेंट नाही. हाडच वाढून येते स्क्रूच्या भोवती. हाड जिवंत राह्यते ना."

हे ऐकून देवाजीनं जबडा चाचपून पाहिला. मुरूम, काळा पत्थर, लाल माती, सगळ्यांत त्यानं बोर पाडले होते. जिवंत वस्तूत पाडलेला त्याच्या पाहण्यात नव्हता.

पायलनं एक्सरे उजेडावर धरला. उजवीकडं हाड भक्कम होतं. डावीकडं बारीक आणि विरळ. "इथं फसलं तर पुन्हा तिथंच लगेच जमन, असं मी नाही सांगत."

बोर कोरडा गेला की गाडी दहा-पंधरा फूट सरकवायची आणि दुसरा पाडायचा, ही त्याची जन्माची रीत. एक्सरेत तो सरकायला जागा शोधत राहिला.

"अन् फसते कायनं?"

"तंबाखूनं फसते. जंतूंनी फसते. ड्रिल गरम झालं तरी फसते. सत्तेचाळीस डिग्रीच्या वर मिनिटभर गेलं, की तिथलं हाड मरते. मेलेल्या हाडात स्क्रू बसलेला दिसते, पण काही दिवसांनी ढिला होते."

"सत्तेचाळीस?"

"हो."

"एवढं तर बाई, मे महिन्यात आपल्या अंगणात राह्यते."

"अंगणात राह्यते. हाडाच्या आत नाही," पायल हसून म्हणाली. तिनं त्याचं भेव घालवायला सांगितलं होतं. त्या दिवसापासून तो आकडा त्याच्या डोक्यात जाऊन बसला, तो निघाला नाही.

खर्रा सोडला. सिंधूताई रोज शर्टाचा खिसा हुंगायच्या आणि बडीशेप हातावर ठेवायच्या. महिन्याभरात खिशातला सगळा मामला त्यानं बडीशेपेवर आणला. मग पावसाची उघडीप बघून एके दिवशी तो पायलच्या खुर्चीत आडवा झाला.

सुई टोचली, ओठ जड झाला, जीभ परक्याची झाली. पायल म्हणाली, "काही वाटलं तर डावा हात वर करा. बोलू नका."

पहिलं बारीक ड्रिल किंचाळतच सुरू झालं. पण त्याच्यासोबत थंड पाण्याची धार होती. शेजारी उभी मदतनीस नळीनं ते पाणी ओढून घेत होती. देवाजीला हे ओळखीचं वाटलं. बिट फिरतंय, पाणी पडतंय, चुरा वाहून बाहेर चाललाय. तो थोडा सैल झाला.

मग पायलनं ड्रिल बदललं आणि मदतनिसाला म्हणाली, "पाणी बंद कर."

धार थांबली. किंचाळणंही थांबलं. त्याच्या जागी एक संथ घरघर सुरू झाली, जात्यासारखी, कानानं नाही तर कवटीनं ऐकू येणारी. देवाजीनं वाट पाहिली, की आता पाणी येईल. नाही आलं. कोरड्या हाडात लोखंड फिरत राहिलं. त्यानं डावा हात वर केला.

"दुखलं?"

त्यानं मान हलवली. परक्या जिभेनं कसंबसं विचारलं, "पाणी काहून बंद केलं?"

"आता हळू चालवून राहिली ना मी. इतकं हळू, की गरमच होत नाही. पाणी मारलं तर हाडाचा चुरा वाहून जाते, अन् मले तो पाहिजे." तिनं ड्रिल त्याच्या डोळ्यांपुढं धरलं. त्याच्या खाचांत लालसर ओला चुरा गच्च बसला होता. तिनं तो हलक्या हातानं छोट्या स्टीलच्या वाटीत काढला. "तुमचंच हाड हाय. जिवंत हाय हे. हेच परत भरू स्क्रूच्या भोवती, म्हणजे लवकर जुळते. समजलं?"

समजलं नव्हतं. समजायला त्याचं डोकं जागेवर नव्हतं. ते हिंगण्याच्या रस्त्यावर जाऊन पोचलं होतं. तिथं एका बोरवर, खूप खाली गेल्यावर, कॉम्प्रेसर अचानक बंद पडला होता. वारा थांबला, तसा वर येणारा चुरा जिथल्या तिथं खाली बसला आणि रॉडच्या टोकाला पत्थर फोडणाऱ्या हॅमरच्या भोवती आवळला गेला. दोन दिवस ओढला. शेवटी मालकानं अख्खी रॉडची रांग जमिनीत सोडून दिली. तेव्हापासून देवाजीला एकच गोष्ट माहीत होती, की भोकातला चुरा बाहेर पडला पाहिजे. आणि ही पोरगी तो वाटीत जमा करून परत भोकात भरणार होती.

पण हात पुन्हा वर करायला त्याला लाज वाटली. बोरवाला देवाजी एवढ्याशा ड्रिलला भ्याला, हे इंदोऱ्यात कोणाला कळलं असतं तर! तो डोळे मिटून पडून राहिला. मधेच त्याला जळका वास आला. खरा आला की मनानं आला, हे पुढं त्याला कधीच ठरवता आलं नाही.

टाके घालून झाल्यावर पायलनं बजावलं. "आज गुळणी नाही, थुंकायचंही नाही. उद्यापासून मिठाचं कोमट पाणी तोंडात धरायचं, अन् मान वाकवून सोडून द्यायचं. खळखळायचं नाही, काकाजी. तिथं रक्ताची गाठ धरते, तिच्यातूनच हाड येते."

देवाजीनं मान हलवली. सिंधूताईंनीही हलवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सिंधूताई वंदनेला विहारात गेल्या. मुलगा धम्मानंद सकाळच्या पाळीला बुटीबोरीला गेला होता. घरात देवाजी, सुजलेला जबडा आणि मगभर कोमट पाणी. त्यानं पाणी तोंडात धरलं. धरून ठेवलं तसा चुरा आठवला. बोर पूर्ण झाला की गाडी लगेच हलवत नाहीत. पूर्ण दाबानं वारा सोडून भोक धुतात. आधी गढूळ येते, मग राखाडी येते, मग निवळ पाणी उसळते, तेव्हा बोर झाला म्हणायचा. न धुतलेला बोर गिऱ्हाईकाच्या हवाली करणं त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

तो मोरीपाशी बसला आणि गाल फुगवून त्यानं जीव खाऊन खळखळलं. लाल आलं. पुन्हा खळखळलं. काळपट, कलेजीच्या तुकड्यासारखं काहीतरी मोरीत पडलं. चुराच तो, असं त्याला वाटलं, आणि त्याला इतकं बरं वाटलं, की त्यानं दुसरा मग भरला. गुलाबी आलं. मग निवळ आलं. काल खुर्चीत पडल्यापासून पहिल्यांदा त्याची छाती मोकळी झाली.

ते सुख दुपारपर्यंत टिकलं. दुपारी डाव्या बाजूनं रक्त झिरपायला लागलं. संध्याकाळी ठणका सुरू झाला, तो कानात जाऊन बसला. तपासायच्या दिवशी तो खुर्चीत बसला तेव्हा पायलनं आरसा तोंडात घातला आणि दिवा जवळ ओढला. उजवीकडं ठीक होतं. डावीकडचे टाके सुटले होते, हिरडी उघडी पडली होती, आत धातू चमकत होता.

"गुळण्या केल्या का, काकाजी?"

"नाही."

बेस्याला ज्या तोंडातून वेळेवर 'हट' निघालं नव्हतं, त्यातून हा एक शब्द मात्र लगेच निघाला.

"थुंकले? खर्रा?"

"नाही ना बाई."

"मग…" पायलनं पुन्हा आत बघितलं. "ड्रिलच्या वेळी डाव्या बाजूले काही गरम वाटलं होतं का तुम्हाले? खरं सांगा."

त्याला तो जळका वास आठवला. होय म्हणावं, की नाही म्हणावं. तो काहीच बोलला नाही, आणि पायलनं त्या गप्प बसण्याचा स्वतःच्या मनानं अर्थ लावला. नवे टाके घालताना तिचा हात नेहमीपेक्षा हळू चालत होता. जाताना ती म्हणाली, "तीन-चार महिने थांबावं लागते. जुळलं तर जुळलं."

आधी ती 'जुळते' म्हणत होती. 'तर' आता आला होता.

मग देवाजीची ती वाट पाहण्याची नोकरी सुरू झाली. दिवसभर जिभेचं टोक डाव्या हिरडीवर. हललं का? नाही. पुन्हा बघू. हललं का? सिंधूताई मऊ भात आणि वरण समोर ठेवायच्या, तो एकाच गालानं खायचा आणि मधेच थांबून कान दिल्यासारखा बसायचा. शेजारच्या घरात कोणी भिंतीला ड्रिल मारलं, तर उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन उभा राहायचा. उभ्या आयुष्यात कधी भेव न वाटलेल्या आवाजाचं त्याला भेव वाटू लागलं.

अंकित फोन करायचा. "काय मग काकाजी, पाणी लागलं का?"

"थांब ना बे."

"किती फुटावर हाय?"

"तुह्या अकलेच्या खाली."

"म्हणजे खोल हाय. केसिंगचा पाइप लागन." मग जरा थांबून, "या ना लवकर. नवा ड्रिलर फोनवर बोलत दांडा ओढते. माह्या बायकोनं मले सांगितलं, की बोटं मोजून येत जा म्हणे घरी."

हे ऐकलं की देवाजीचं जेवण तिथंच थांबायचं. स्क्रू ढिला झाला तर तो कधीच त्या दांड्यांवर परत जाणार नव्हता, आणि त्याच्या जागी उभा असलेला माणूस फोनवर बोलत होता. आणि स्क्रू ढिला झाला असला, तर कशानं? कोरड्या ड्रिलनं, की मगभर पाण्यानं? कधी त्याला खात्री वाटायची, की पायलनंच हाड जाळलं. त्यात एक थंडावा होता. मग मोरीत पडलेला तो काळपट तुकडा आठवायचा, आणि गाठ धरते म्हणालेली पायल आठवायची, आणि थंडावा जायचा.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी सिंधूताई विहारातून आल्या आणि चप्पल काढता काढताच बोलल्या. "पायल आली होती. त्या शेजारच्या प्रीतीनं तिले इचारलं, माह्या मायले बी असेच स्क्रू बसवून दे म्हणून. तं ते पोरगी म्हणते, मी सध्या ते काम थांबवलं, दुसरीकडं दाखवा. तोंड असं उतरलं होतं तिचं."

"काहून थांबवलं?"

"ते तुमी सांगा."

देवाजीनं वर पाहिलं. सिंधूताई पदरानं घाम पुसत त्याच्याकडंच बघत होत्या.

"मले काय माहीत?"

"अजी, त्या दिवशीची मोरी कोणं धुतली? मी धुतली. तुमी दोन मग पाणी मारलं, तरी कडेले लाल राह्यलंच होतं. मले वाटलं, सांगतीन आज, सांगतीन उद्या. तुमी तं गप. आता ते पोरगी तुमचं भेव घेऊन भेऊन राहिली. तिले वाटून राहिलं, आपला हातच वाईट."

"सांगितलं तं काय होईन? हाड परत येणार हाय का?"

"हाडाचं मले नाही समजत. पण उद्या तिनं काम सोडलं, तं ते तुमच्या मोरीपायी सोडलं."

त्यानं सदरा चढवला, मग आठवलं तसा काढून ठेवला. तपासणीची तारीख पुढची होती, आणि रविवारी दवाखाना बंद. सोमवारी दार उघडताना पायलला तो पायरीवर बसलेला दिसला.

"दुखून राहिलं का, काकाजी?"

"दुखत नाही. एक सांगायचं होतं." आणि मग कॉम्प्रेसर चालू असल्यासारखं मोठ्यानं, चौकातल्या पानठेल्यावरच्या दोघांनीही मान वळवावी एवढ्या आवाजात तो म्हणाला, "मी दुसऱ्याच दिवशी गुळण्या केल्या होत्या. जोरानं. चुरा काढायले. तू इचारलं तं खोटं बोललो."

पायल किल्ली हातात धरून उभी राहिली. मग आत गेली, दिवे लावले, हात धुतले, पुसले, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "मी तुमचा एक्सरे माह्या कॉलेजच्या सरांकडं घेऊन गेली होती. त्यांना म्हटलं, मी हाड जाळलं बहुतेक. त्यांनी इचारलं, पेशंटनं काही केलं का? मी म्हटलं, माहे काकाजी हायेत, ते खोटं नाही बोलत."

देवाजी पायांकडं बघत राहिला.

"चुरा काढायले," ती स्वतःशीच म्हणाली. रागात होती, पण तिच्या ओठांचं एक टोक हललं. "बसा खुर्चीत. आता आलेच आहात तर बघूनच घेऊ."

तो बसला. अख्खं अंग ताठ. पायलनं समजावलं, की छोट्या पान्यानं ती स्क्रू जरासा पिळून बघणार. जुळला असेल तर हलणार नाही. आधी उजवा. पाना बसला, तिनं जोर दिला, आणि देवाजीला जबड्यात नुसता दाब जाणवला, खांबाला खांदा लावावा तसा. हलला नाही. मग तिनं पाना डावीकडं लावला. देवाजीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. तिनं जोर दिला. जोर द्यायच्याही आधी, पाना टेकताच, काहीतरी गोल फिरलं.

दुखलं नाही. हेच सगळ्यात भयंकर होतं. एवढे महिने ज्याच्यासाठी श्वास धरला, ते कळही न येता फिरलं. पायलनं आणखी दोन आटे दिले, आणि दोन बोटांत धरून स्क्रू बाहेर काढला. स्वच्छ होता. त्याला हाडाचा कणही चिकटलेला नव्हता.

"गेला?"

"हा गेला."

दोघंही त्या एवढ्याशा लोखंडाकडं बघत राहिले.

"जळलं होतं का हाड?" देवाजीनं विचारलं. "का माह्या पाण्यानं?"

पायलनं स्क्रू ट्रेमधे ठेवला. "नाही सांगता येत, काकाजी. उजवा त्याच दिवशी, त्याच हातानं, तसाच कोरडा पाडला, अन् तो पत्थर झाला. म्हणजे पद्धत वाईट नसावी. गुळण्या तर तुम्ही दोन्हीकडं मारल्या, तरी तो टिकला. डावीकडं हाडच विरळ होतं. तिथं गाठ गेली, त्यानं झालं असन. मी जास्त दाबलं, त्यानंही झालं असन. कोणाच्या एकट्याच्या नावावर मले नाही टाकता येत." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "पण तुम्ही आज आले नसते, तर मी ही पद्धतच सोडून दिली असती."

"आता?"

"आता हे भोक भरू द्यायचं. त्याले दोन-तीन महिने. मग जरा मधल्या बाजूले सरकून, हाड बरं असलं तर, पुन्हा. मग पुन्हा तेवढीच वाट. उन्हाळा जाईन तुमचा." तिनं हातमोजे काढले. "सोडून दिलं तरी चालते. एका स्क्रूवर कवळी थोडी बरी धरन. जेवाले जमन. वरडाले नाही."

देवाजीला अंकितचा नवा ड्रिलर आठवला, कानाला फोन लावलेला. तोंड उघडं ठेवून पडायचं, पुन्हा ती घरघर, पुन्हा तो वास, पुन्हा हिरडीवर जीभ फिरवत काढलेले दिवस. सरळ उठून जावंसं वाटलं.

"पाडू," तो म्हणाला. "अन् तुले जसं पाडायचं तसं पाड. कोरडं तं कोरडं."

मालकाला त्यानं रस्त्यातूनच फोन करून सांगितलं, की जागा ठेवू नका. मालक हळहळला, पुढच्या सीझनले बघू म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून पुढचा सीझन किती लांब आहे ते देवाजीला समजलं. मग त्यानं अंकितला लावला आणि फोनवर बोलणाऱ्या ड्रिलरच्या हाताखाली बोटं घालू नको, तो फोन ठेवेपर्यंत रॉडपासून लांब उभा राहा, मालक बोंबलला तरी राहा, हे इतक्या वेळा सांगितलं की अंकितही मस्करी विसरला.

घरी सिंधूताई उंबऱ्यातच होत्या.

"काय म्हणे?"

"एक राह्यला. एक गेला."

सिंधूताईंनी त्याला बसायला जागा करून दिली.

"पुन्हा पाडणार हाय," देवाजी म्हणाला. त्याचा आवाज, कधी नव्हे तो, खाली आला होता. "सिंधू, त्या टायमाले आठ दिवस तू विहारात जाऊ नको. कुठीच जाऊ नको. माह्याजवळ बसून राह्य."

"काहून? दुखते म्हणून?"

"दुखण्याचं नाही वं. एकटा असलो तं मी पुन्हा धुतो ते. मले माहीत हाय, मी धुतोच."

सिंधूताईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग, "बसते," एवढंच म्हणून त्या भात टाकायला आत गेल्या.